रेशमाचा धागा जाईल एवढी जागा

मंगळवारी सकाळी आप्पांनी काकूंच्या तोंडातला पूल काढला. मी काकूंचा हात धरून उभी होते. आप्पांनी पूल पाण्यात धुतला, बशीत ठेवला आणि दवाखान्याचं दार आतून लावून घेतलं. त्या दिवशी दार पुन्हा उघडलं नाही.

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. आप्पा गेले त्यालाही झाली. काकू गेल्या त्याला मात्र अजून महिना व्हायचा आहे. तेव्हापासून मी लिहायला बसते आणि उठते. त्या दोघांना त्या दिवसांत ओळखणारं माझ्याखेरीज आता कुणी उरलं असेल असं वाटत नाही, म्हणून जमेल तसं लिहिते आहे.

इंदूर तेव्हा मध्य भारत नावाच्या राज्यात होतं. उन्हाळ्यात सरकारी दफ्तर इंदुरात यायचं, हिवाळ्यात ग्वाल्हेरला जायचं. मी देवासहून मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले आणि मल्हारगंजात आप्पांच्या घरी वरच्या मजल्यावरची एक खोली भाड्याने घेतली. खाली रस्त्याच्या बाजूला आप्पांचा दवाखाना, मागे आप्पा-काकू या नवराबायकोच्या दोन खोल्या, त्यामागे चौक आणि नळ. दवाखान्याच्या दारावर मराठीत आणि हिंदीत पाटी होती : येथे पक्के दात बसवले जातात.

आप्पांचे वडील संस्थानच्या फौजेत होते. आप्पांनी तलवारीच्या घराण्यात जन्मून चिमटा हातात घेतला याचं वडलांना शेवटपर्यंत वाईट वाटलं, असं काकू सांगत. संस्थानच्या इस्पितळात एका म्हाताऱ्या दंतवैद्याच्या हाताखाली आप्पा शिकले. बुटके, गोरे, डोक्यावर काळी टोपी, अंगात पांढरा कोट. दात घासायचं यंत्र पायाने चालवायचं असे, आणि आप्पांचा पाय लयीत चाले. वर खोलीत वह्या तपासताना मला खालून ती लय ऐकू यायची. लय थांबली की समजावं, कुणीतरी ओरडलं आहे.

आप्पांची खासियत होती दातांचा पूल. पडलेल्या दाताच्या जागी, शेजारच्या दातांच्या आधाराने, कायमचा बसवलेला दात. काढायचा नाही, घालायचा नाही, रात्री वाटीत ठेवायचा नाही. शहरात कवळ्या करणारे चार होते, पण पुलासाठी लोक आप्पांकडे येत.

पूल म्हणजे काय असं कुणी विचारलं की आप्पा तोंडी सांगत नसत. बाकावर बसलेल्या तिघांना उठवून ओळीत उभं करत. एकदा मी शाळेतून आले तर दवाखान्यात हा प्रयोग रंगात आला होता. एका टोकाला हिंगाचे व्यापारी बद्रीसेठ, दुसऱ्या टोकाला आमच्याच शाळेचे आडव्या अंगाचे हेडक्लार्क, आणि मध्ये पोस्टातले एक वाळके बाबू.

"तुम्ही दोघं खांब," आप्पा म्हणाले. "आता या बाबूंना काखेत हात घालून उचला. उचला, भिया, लाजता काय!"

दोघांनी उचललं. बाबूंची एक चप्पल खाली पडली.

"आता बघा. बाबू म्हणजे मधला दात. त्याला मूळ नाही. पाय आहेत, पण जमिनीला टेकत नाहीत. दोन्हीकडच्या खांबांच्या डोक्यावर टोप्या आहेत ना, तशा सोन्याच्या टोप्या मी शेजारच्या दातांवर चढवतो. त्यासाठी ते दात चारी बाजूंनी थोडे घासावे लागतात. आणि ही यांची कोपरं. हे सांधे. टोपी आणि मधला दात सांध्यानं एकजीव झाले पाहिजेत. कोपर ढिलं पडलं की बाबू खाली."

"मला खाली ठेवा हो आधी," बाबू म्हणाले.

"चावायचं काम बाबू पुरं करणार, पण वजन कोण उचलणार? हे दोघं. तिघांचं काम दोघांत."

बद्रीसेठांना दम लागला होता. "तो डॉक्टर साब, अपने को इसमें मिला क्या?"

"पडोसी का बोझ, सेठ."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मागच्या दारातून काकू हसल्या.

काकूंच्या हसण्याबद्दल लिहायला हवं. तोंड पूर्ण उघडून, मान मागे टाकून त्या हसत. आमच्या गल्लीत बायकांनी असं हसायची रीत नव्हती. नळावर, ओट्यावर, हळदीकुंकवाला, कुठेही त्यांचं हसू आधी पोचे आणि मागून त्या. लग्नाआधीच त्यांची वरची डावी, सुळ्याच्या लगतची एक छोटी दाढ किडून काढावी लागली होती, आणि हसलं की तिथे काळं दिसे. आप्पांनी स्वतंत्रपणे केलेला पहिला पूल काकूंसाठीच होता. पण तो त्यांच्या मनासारखा झाला नव्हता. पुढे हात बसल्यावर, मी राहायला येण्याच्या थोडं आधी, त्यांनी तो उतरवून नवा केला. मी पाहिला तो हा.

तो पूल खरोखर देखणा होता. पुढच्या बाजूला सुळा, मागच्या बाजूला दुसरी छोटी दाढ, हे दोन खांब. त्यांच्यावरच्या टोप्या आप्पांनी आतल्या बाजूने अशा बसवल्या होत्या की बाहेरून सोन्याची रेघही दिसू नये. मधल्या दाताला पुढून चिनीमातीचा पातळ पापुद्रा, त्याचा रंग काकूंच्या बाकीच्या दातांसारखाच किंचित पिवळसर. आणि तो हिरडीतून उगवल्यासारखा वाटावा म्हणून आप्पांनी त्याचं बूड हिरडीत थोडं दाबून बसवलं होतं. कुठे फट नाही, सावली नाही.

आप्पांचा खेळ ठरलेला असे. नवा माणूस खुर्चीत बसून घाबरला की ते मागे वळून हाक मारत, "अहो, जरा इकडे या."

काकू पिठाचे हात पुसत यायच्या. खिडकीच्या उजेडात उभ्या राहून हसायच्या.

"ओळखा पाहू, यातला माझा कुठला?"

माणूस वाकून बघे. एकालाही कधी ओळखता आलं नाही. बहुतेक जण समोरच्या चांगल्या दातावर बोट दाखवत, आणि आप्पा टोपी मागे सरकवून म्हणत, "तो देवाचा. चुकलात."

"झालं प्रदर्शन?" काकू म्हणत. "माझी पोळी करपतेय तिकडे."

असं आठवड्यातून तीनदा-चारदा. दोन वर्षं.

सकाळी चौकातल्या नळावर काकू माझ्याआधी येत. पितळी तांब्यात फिटकरीचं, म्हणजे तुरटीचं, पाणी असे. त्या डाव्या गालात ते धरून ठेवत आणि मग मोरीत टाकत. एक दिवस त्या पाण्यात लाल दिसलं. मी बघितलं हे त्यांनीही बघितलं.

"हिरडी जरा हुळहुळते," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगू नको हं. इतके खुश आहेत."

मी सांगितलं नाही. पुस्तकं वाचणारी मुलगी होते मी. दुसऱ्याच्या संसारात बोलू नये एवढं मला कळत होतं, आणि तेवढंच कळत होतं. त्यानंतर तो तांब्या रोज दिसायचा आणि मी रोज दुसरीकडे बघायची.

त्या मंगळवारी खुर्चीत बद्रीसेठ होते. त्यांना स्वतःला पूल हवा होता, पण धीर होत नव्हता. आप्पांनी काकूंना हाक मारली. त्या आल्या, हसल्या. बद्रीसेठ वाकले आणि बराच वेळ वाकून राहिले. मी शाळेला निघाले होते आणि छत्री मागायला दारात थांबले होते. बद्रीसेठ उठले, आप्पांना बाजूला घेतलं. माणूस गल्लीत ओरडून बोलणारा, पण तेव्हा त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

"डॉक्टर साब, दाँत तो म्हारे से पेचान में नी आयो. पण बाईसाब को मसूड़ो पक ग्यो है. म्हारी नाक हिंग की है. गलती नी करे."

मग हात जोडून ते निघून गेले.

आप्पांनी काकूंना खुर्चीत बसवलं. आरसा घातला. बोटाने ती पिकलेली हिरडी दाबली. काकूंनी डोळे मिटले आणि माझ्याकडे हात केला. मी तो धरला. छोट्या हातोडीचे तीन ठोके, मग चिमटा. पूल निघाला तेव्हा त्याचा वास मलाही आला.

"किती दिवस?" आप्पांनी विचारलं.

"दोन वर्षं होत आली."

"सांगितलं का नाहीस?"

काकूंच्या तोंडात कापूस होता. "तुम्ही रोज कुणाला ना कुणाला दाखवत होतात," त्या म्हणाल्या.

दाबून बसवलेल्या दाताखाली अन्नाचा कण जाऊन बसला की निघायला वाट नव्हती. हिरडी कुजली होती. मागचा खांब, ती चांगली छोटी दाढ, हाडातून सुटली होती. ती पुढच्या आठवड्यात काढावी लागली. सुळा वाचला. त्याच्यावर आप्पांनी एकटी टोपी बसवली. आधी एक दात नव्हता. आता दोन नव्हते.

दवाखाना बुधवारीच उघडला होता. आप्पांचा पाय पुन्हा लयीत चालू लागला. पण "ओळखा पाहू" बंद झालं. आणि काकू पदराआड हसू लागल्या. आधी मान मागे जायची, आता खाली जाऊ लागली. पदर तोंडाशी जाईपर्यंत हसू निम्मं झालेलं असे. सेव त्यांना फार आवडे. लवंगेची, कडक. ती त्या पाण्यात भिजवून खाऊ लागल्या. इंदुरात सेव भिजवून खाणं म्हणजे काय, ते इंदूरच्या माणसाला सांगायला नको.

त्यानंतरचे आप्पा ते मला खरे आठवणारे आप्पा.

कोटाच्या खिशात त्यांच्या रेशमाच्या धाग्याचं रीळ आलं. पूल बसवला की मधल्या दाताच्या खालून धागा घालायचा. अडला, तर पूल परत. जेमतेम गेला तरी परत. "मधल्याच्या खाली हवा खेळली पाहिजे," ते म्हणत. जाताना धाग्याचा एक गुंडा रोग्याला मिळे, आणि रोज सकाळी तो पुलाखालून ओढायचा अशी तंबी. बाकावरच्या तिघांचा प्रयोग ते अजून करत, पण आता मधल्या माणसाच्या चपलेखालून स्वतःचा हात फिरवून दाखवत.

दुसरी गोष्ट परवानगीची. पूल मागायला आलेल्या माणसाला ते शेजारच्या दोन्ही दातांवर बोट ठेवायला लावत. "या दोघांना काही झालेलं नाही. तुमचा एक पडला म्हणून मी या दोघांना घासणार. घासलेला दात पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. तीन दिवस रोज जेवताना यांना विचारा. मग या."

लोकांना ही थट्टा वाटे. दफ्तरातला एक तरुण क्लार्क आला होता. त्याचा समोरचा दात सायकलवरून पडून गेला होता. दफ्तर ग्वाल्हेरला हलायच्या आत त्याला दात हवा होता.

"विचारलं डॉक्टरसाहेब, दोघं हो म्हणाले," तो दुसऱ्याच दिवशी येऊन म्हणाला.

"एका दिवसात?"

"आमचे दात समजदार आहेत."

"तुम्ही नाही," आप्पा म्हणाले. "ग्वाल्हेरला जा. तिथे विचारा. उन्हाळ्यात या."

तो चिडून गेला. उन्हाळ्यात परत आला. म्हणाला, "एक हो म्हणतोय, दुसऱ्याचं नक्की नाही." आप्पांनी तपासलं, तर तो दुसरा दातही सायकलच्या धक्क्याने आतून मेलेला निघाला. त्याच्यावर खांब उभा केला असता तर पूल वर्षभरात खाली आला असता. या गोष्टीनंतर मल्हारगंजातले लोक दातांना विचारू लागले. पोह्यांच्या दुकानात तोंडात बोट घालून विचारमग्न बसलेला माणूस दिसला की समजावं, आप्पांचा रोगी.

तिसरी सवय जुनीच होती, ती जबड्यांच्या कपाटाची. प्रत्येक रोग्याच्या तोंडाचा ठसा घेऊन त्यावरून ते प्लास्टरचा जबडा ओतत आणि पूल आधी त्यावर जुळवत. काम झालं तरी जबडा फोडत नसत. मागे शाईने नाव घालून कपाटात ठेवत. तो रोगी वारला असं कळलं की तेराव्यानंतर आप्पा जबडा कागदात गुंडाळून त्याच्या घरी नेऊन देत. "यांची वस्तू आमच्याकडे राहिली होती." बरेच लोक घाबरून घेत नसत. एका विधवा बाईंनी तो देवघरात ठेवल्याचं मला ठाऊक आहे.

काकूंचा मात्र प्रश्न कुणी काढला की आप्पांचा पाय थांबे. गल्लीतले लोक बोलायला मागेपुढे बघत नसत. "डॉक्टरसाब, सगळ्या इंदूरला दात दिलेत, घरी कधी?" आप्पा पुढच्या रोग्याला खुर्चीत बसवत. मला मात्र एकदा त्यांनी जिन्यात थांबवून सांगितलं. "मास्तरीणबाई, आता पूल करायचा तर मागची मोठी दाढ घासावी लागेल. तिच्या तोंडातली सगळ्यात चांगली दाढ. एक घासून घालवली मी. आता हिला हात लावू?"

कवळीचा तुकडा करून दिला होता. काकू तो वाटीत ठेवत आणि वाटी कपाटात ठेवत.

असं दीड वर्ष गेलं. मग एका सकाळी काकू दवाखान्याच्या पुढच्या दाराने आल्या. मागच्या दाराने नव्हे. नेसण बाहेर जायचं, केस विंचरलेले. बाकावर बसल्या आणि आपला नंबर येईपर्यंत बसून राहिल्या. शाळेला सुट्टी होती, मी माझ्या दाढेसाठी खाली आले होते, आणि माझा नंबर त्यांच्या मागे होता.

नंबर आला. काकू खुर्चीत बसल्या.  आप्पांनी रोजच्यासारखं विचारलं, "काय होतंय?"

"दोन दात नाहीत. हसता येत नाही."

"मागची मोठी दाढ घासावी लागेल."

"माहीत आहे. तिला विचारून आले."

आप्पांनी वर बघितलं.

"तीन दिवस विचारलं. रोज जेवताना, बोट ठेवून. तुमच्या नियमानं." काकूंनी पदर तोंडावरून खाली घेतला. "हो म्हणाली."

 आप्पांनी आरसा हातात घेतला, पुसला, पुन्हा पुसला. "माझी एक अट आहे. दुखलं तर सांगायचं."

"सांगेन."

"तुझ्या सांगेनवर माझा भरवसा नाही."

"मग रोज विचारा," काकू म्हणाल्या.

पूल करायला आप्पांना सव्वा महिना लागला. एरवी पंधरा दिवसांत होई. मेणाचे दात त्यांनी तीनदा कोरले आणि तीनदा वितळवले. सुळा आणि मोठी दाढ हे खांब. मध्ये दोन दात. या वेळी त्यांनी दोन्ही दातांची बुडं हिरडीपासून वर उचलून ठेवली, रेशमाचा धागा आरपार फिरेल एवढी. आणि दाढेवर पुरी टोपी, चारी बाजूंनी सोन्याची. पक्क्या सिमेंटने न बसवता त्यांनी तो आधी कच्च्या सिमेंटने बसवला. पंधरा दिवस बघू म्हणाले.

रोज सकाळी विचारत, "दुखतंय?"

"नाही."

आप्पा धागा फिरवून बघत. धागा स्वच्छ निघे. तरी त्यांचं समाधान होत नसे. काकूंनी एकदा दोन वर्षं दुखणं लपवलेलं होतं.

आठव्या की नवव्या दिवशी त्यांनी मला विचारलं. "तुम्ही बायका बोलता एकमेकींशी. खरं सांगा. दुखतं का तिला?"

"मला काही बोलल्या नाहीत," मी म्हटलं. ते खरं होतं. पण मग मला गप्प राहवेना. "आप्पा, मागच्या वेळी मला माहीत होतं. नळावर फिटकरीचं पाणी घेत. रक्त पडायचं. सांगू नको म्हणाल्या, मी सांगितलं नाही."

मला वाटलं ते रागावतील. ते स्टुलावर बसले.

"नळावर," ते म्हणाले. "नळ म्हणजे इथून दहा पावलं." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी आत बसून लोकांना दात दाखवत होतो." मग उठून त्यांनी हात धुतले आणि पुढच्या माणसाला बोलावलं. तो विषय त्यांनी माझ्याशी पुन्हा काढला नाही. माझ्याशी वागण्यातही तीळभर फरक केला नाही. मी काकूंना हे कधी सांगितलं नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, भरदुपारी, दवाखान्यात माणसं बसली होती. बद्रीसेठही होते, त्यांचा पूल तोवर झाला होता आणि ते नुसतेच येऊन बसत. मी वर होते. मागच्या दाराशी काकूंचा आवाज आला. तो सबंध गल्लीने ऐकला असणार.

"अहो! दुखतंय!"

मी जिना उतरून धावले. काकू एका हातात सेवेची बशी घेऊन दवाखान्याच्या मधोमध उभ्या होत्या.

"कुठे?" आप्पा उभे राहिले होते.

"मागे. तुमच्या त्या सोन्याच्या दाढेवर. सेव चावली की कळ येते."

"खूप?"

"खूप नाही. पण दुखतंय. दुखतंय म्हणजे दुखतंय!"

आप्पांनी बाकाकडे वळून बघितलं. त्यांचा चेहरा लग्नात अक्षता पडतात तेव्हाच्या माणसासारखा झाला होता. "दुखतंय म्हणाली," त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

"बधाई हो, डॉक्टर साब," बद्रीसेठ म्हणाले.

खुर्चीतला रोगी आपण होऊन उठला. काकू बसल्या. आप्पांनी दातांमध्ये कार्बनचा कागद धरला, चावायला लावलं. सोन्यावर एक निळा ठिपका उठला. टोपी तेवढ्या ठिकाणी केसभर उंच राहिली होती. आप्पांचा पाय चालला. दहा-बारा फेरे झाले असतील.

"आता?"

"थांबा." काकूंनी सेव तोंडात टाकली. सगळा दवाखाना त्यांचं चावणं ऐकत होता. "आता नाही."

"नक्की?"

"अहो, नाही म्हणते ना!"

आणि त्या हसल्या. मान मागे गेली. दातांवर कार्बनची निळी शाई, मागे सोन्याची दाढ, आणि दोन नव्या दातांच्या खाली एक बारीक काळी रेघ. पुढच्या बाकावरून दिसावी अशी. हे दात उगवलेले नाहीत, बसवलेले आहेत, हे कुणालाही कळलं असतं.

"अब तो मैं बी पेचान लूँ," बद्रीसेठ म्हणाले.

"पेचान लो," आप्पा म्हणाले. त्याच दुपारी त्यांनी पक्कं सिमेंट कालवलं.

पुढे मध्य भारत गेला. राजधानी भोपाळला गेली, आणि बदली होऊन मीही गेले. निघायच्या सकाळी टांगा दाराशी उभा होता. काकूंनी डब्यात सेव दिली आणि टांगेवाल्याला माझ्या पुस्तकांच्या पेट्यांबद्दल काहीतरी सांगितलं. तो काहीतरी म्हणाला आणि काकू मोठ्याने हसल्या. आप्पा दवाखान्याच्या दारात उभे होते, खिशात हात, बहुतेक धाग्याच्या रिळावर. टांगा हलला तेव्हा मी त्यांच्याकडे बघून हात केला. त्यांचं लक्ष नव्हतं. ते काकूंच्या तोंडाकडे बघत होते, डोळे बारीक करून, काम तपासताना बघत तसे. आप्पांना मी पाहिलं ते तेव्हा शेवटचं.

ते गेल्याचं काकूंच्या पत्राने कळलं. त्यांना मूल नव्हतं. काकू पुढे अन्नपूर्णेच्या देवळाच्या बाजूला भाच्याकडे राहायला गेल्या. मी इंदूरला गेले की भेटत असे. त्या रोज सकाळी खिडकीशी बसून पुलाखालून धागा फिरवत. रेशमाचा मिळेनासा झाला तेव्हा शिवणाच्या रिळाचा. गेल्या खेपेला मी विचारलं, दुखतं का कधी. त्या म्हणाल्या, "दुखलं असतं तर सांगितलं असतं."

गेल्या महिन्यात त्या गेल्या. भाच्याने फोनवर सांगितलं की गुरुजींनी तोंडात ठेवायला सोन्याचा कण मागितला, तेव्हा तो म्हणाला, तोंडातच आहे. मग तेरावं झाल्यावर तो भोपाळला आला आणि कागदात गुंडाळलेली एक वस्तू देऊन गेला. काकूंनी ती मला द्यायला सांगून ठेवलं होतं.

प्लास्टरचा वरचा जबडा आहे. मागे शाईने आप्पांच्या अक्षरात काकूंचं नाव आहे. डावीकडे सुळा आहे, मोठी दाढ आहे, आणि मध्ये दोन दातांची जागा मोकळी आहे.